भोईडोहावरची ओळ

पंत, ज्या कचेरीनं तुमचा नकाशा छापला, त्या कचेरीनं तुम्हाला फसवलं. तुम्ही कुणाला फसवलं नाहीत. मी तुम्हाला फसवलं नाही, माझा धंदा बैलांच्या दलालीचा असला तरी. आणि बोरी नदीनं तर नाहीच नाही. ती दर पावसाळ्यात जागा बदलते, पण चोरून बदलत नाही.

हे आधी लिहून टाकलं, कारण तुळजापुरात तुमच्या शोकसभेत मला हे बोलू दिलं नाही. एक गृहस्थ उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "दैवाचा खेळ पाहा, दत्तोपंतांना त्यांच्याच नकाशानं नेलं." लोकांनी माना हलवल्या. मी ताडकन उठलो तर शेजारच्यानं धोतर धरून मला खाली ओढलं. "नागनाथराव, बसा. हा काय बैलबाजार हाय का?" बैलबाजार असता तर बरं झालं असतं. तिथं खोटं बोलणाऱ्याला निदान कुणीतरी तोंडावर खोटारडा म्हणतं.

तुम्ही गेलात हे मला अजून पटत नाही. तुम्हाला पाण्यातून काढून काठावर ठेवलेलं मी पाहिलं, खांदा दिला, तरी पटत नाही. परवा जळकोटला एका बैलाचे दात बघत होतो. मागून तुमचा आवाज आला, "काय व्यापारी, आज कुणाला टोपी घालताय?" मी वळलो. मागं नुसती धूळ. बैलाचं तोंड माझ्या हातात तसंच उघडं राहिलं. गिऱ्हाईक घाबरून विचारतंय, "काय झालं? दातात काय खोट हाय का?" मी म्हटलं, दातात नाही. बैल त्या दिवशी विकला नाही.

आपली ओळख भांडणानं झाली. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. नवं सरकार सगळं नव्यानं मोजायला निघालं होतं आणि बोरीच्या खोऱ्याचा नकाशा करायला तुम्हाला धाडलं होतं. तुमच्याजवळ तंबू, पेट्या, तीन पायांवरचा एक फळा आणि सोबतीला मोजणीचं सामान उचलणारा खलाशी मलप्पा. माझा गोठा जळकोटला, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून. सडक सोडून नदीच्या अंगानं आत शिरलं की थोड्याच वेळात गाडीवाट संपायची. पुढं खडक, घळी, तरवड, पळस आणि लांडगे. आतल्या वस्त्यांवरची माणसं मीठ-तेलासाठी सडकेवर यायची तीसुद्धा ओढे आटल्यावर. तुमचं सामान तट्टांवरूनच जाणार होतं, आणि तट्टं माझ्याकडं होती. मी तिप्पट भाव सांगितला.

तुम्ही म्हणालात, "बरं."

मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. "असं बरं म्हणत नसतात," मी ओरडलो. "तुम्ही निम्म्यावर यायचं. मी रागानं उठून जायचं. तुम्ही मला मागं बोलवायचं."

"आणि मग?"

"मग भाव ठरतो."

"मग तो ठरलेला भाव आत्ताच सांगा की. माझं ऊन वाया चाललंय."

मलप्पा तोंडावर हात ठेवून हसत होता. मी ठरलेला भाव सांगितला. माझ्या उभ्या आयुष्यात मी तो एकदाच, पहिल्या दमात, खरा सांगितला. त्याचा राग मी तुमच्यावर कितीतरी दिवस काढला.

लोक म्हणतात, दत्तोपंत साधा माणूस. साधे नव्हता तुम्ही. तुम्हाला भाव करायची लाज वाटायची, एवढंच. एकदा डोंगरावर भाकरी खाताना तुम्ही म्हणालात, "आम्ही पुजाऱ्याच्या घरातले. यजमान ताटात टाकील ते घ्यायचं, तोंडानं मागायचं नाही." मी म्हटलं, "आमच्या ताटात कुणी काही टाकलंच नाही, म्हणून मागायला शिकलो." दुसऱ्याची जनावरं हाकत मी बाजारोबाजार फिरलो आहे. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलो. मला कुणी "बरं" म्हटलं की आधी संशय येतो.

मग तुम्हीच म्हणालात, मला भाव करायला शिकवा. मी तुम्हाला रुमालाखालचा सौदा शिकवला. बैलबाजारात आम्ही तोंडानं आकडा बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं तितका भाव. वरून बघणाऱ्याला नुसते दोन गप्प चेहरे दिसतात. समोरच्याचा अंगठा दाबला की सौदा पक्का. मूठ आवळली की मोडला. तुम्हाला हे इतकं आवडलं की तुम्ही त्यातून भाव सोडून भलतंच बोलायला लागलात. पाटलाच्या बैठकीत पाटील आपल्या रानाची ऐसपैस हद्द सांगत होता. तुम्ही हळूच उपरणं माझ्या हातावर टाकलंत आणि खालून मूठ आवळलीत, म्हणजे हे खोटं. पाटलाला वाटलं, बिचाऱ्या पंतांना थंडी वाजतेय.

खोऱ्यातले ते दिवस आठवले की आता हसूही येतं. फळ्यावरच्या कागदावर ऊन पडू नये म्हणून मलप्पा तुमच्यावर छत्री धरून उभा राहायचा. धुणं धुणाऱ्या बाया नदीतून ओरडायच्या, "नवरदेव आला गं! नवरी कुठं हाय?" मलप्पा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "नवरी कागदात हाय." एका म्हातारीनं तुमचे पाय धरले. "माजं आंब्याचं झाड कागदात घालू नगा, बाबा. कागदात गेल्यालं सरकार नेतंय." त्याच दिवशी एक जण आपली विहीर कागदात घाला म्हणून कोंबडी घेऊन आला. कोंबडी मलप्पानं खाल्ली. विहीर तुम्ही काढली होतीच, कोंबडी यायच्या आधी. झाडही काढलंत.

"आता म्हातारीला काय सांगू?" मी विचारलं.

"खरं सांगा. त्या वळणावर तेवढं एकच उंच झाड आहे. ते कागदात नसलं तर पुढं येणारा माणूस वाट चुकेल."

मी सांगितलं. म्हातारीनं विचार केला आणि म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या झाड. पन आंबं माजं."

"आंबे नकाशात येत नाहीत, आजी," तुम्ही फळ्यावरून मान न उचलता म्हणालात.

तुमच्याजवळ जुना निजामी नकाशा होता, उर्दूतला. त्यात आमचं खोरं म्हणजे कोरा कागद आणि मधोमध एक शब्द. मी विचारलं, काय लिहिलंय? तुम्ही म्हणालात, "जंगल." मी म्हटलं, आणि माणसं? "ती मोजणाऱ्याला दिसली नसतील." का दिसली नाहीत? तुम्ही नकाशाची घडी घातलीत. "तो आला नसेल."

म्हणून तुमचा तो नियम होता. ज्या पाण्यात मी उतरलो नाही ते मी काढणार नाही. डोह असो, ओढा असो, तुम्ही धोतर खोचून, काठी घेऊन, कमरेला दोर बांधून आत जायचात आणि दोराचं दुसरं टोक मलप्पाच्या हातात असायचं. मी काठावरून शिव्या घालायचो. गावची माणसं सांगतायत की इथं छातीभर पाणी आहे, मग भिजायचं कशाला? "त्यांची छाती आणि माझी छाती एका उंचीवर नाही," तुम्ही पाण्यातून म्हणायचात.

आता भोईडोहाचं सांगतो. हे वाचणाऱ्या परक्या माणसालाही कळलं पाहिजे, म्हणून नीट सांगतो.

भोईडोहाच्या वरच्या अंगाला बोरीचं पात्र पसरट होतं. तिथूनच दोन्ही काठांची माणसं, जनावरं, गाड्या नदी ओलांडतात. त्याला आम्ही उतार म्हणतो. पण पुरात खालची वाळू आणि गोटे सरकतात. गेल्या साली जिथं गुडघाभर पाणी होतं तिथं यंदा हत्ती बुडेल. म्हणून दसरा झाल्यावर दोन्ही काठांची माणसं जमतात आणि उतार मांडतात. एक जुनी जाणती म्हैस पाण्यात सोडायची. ती जिथून पाय टेकत पलीकडं जाईल तो यंदाचा उतार. मग त्या ठिकाणी दोन्ही काठांवर दगड रचायचे आणि त्यांना चुना फासायचा. मांडणी होईपर्यंत कुणी पाण्यात गाडी घालत नाही. गेल्या सालचे पांढरे दगड काठावर तसेच उभे असतात, तरी घालत नाही. ते दगड काढून टाकावेत असं कुणाला सुचत नाही, कारण ते जुने आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांना म्हणजे तिथल्यांना.

तुम्ही पहिल्यांदा उन्हाळ्यात आलात, पाण्यात उतरलात, आणि उताराची खूण कागदावर काढलीत. मी हसलो. तुम्हाला राग आला. पुढच्या साली दसऱ्यानंतर तुम्ही तपासायला आलात तेव्हा म्हैस तुमच्या खुणेपासून पुष्कळ खाली, डोहाच्या तोंडाजवळून गेली. तुम्ही ओल्या पायांनी खडकावर बसून ती खूण खोडलीत. त्याच्या पुढच्या साली ती मधून गेली. पुन्हा खोडलीत. कागद तिथं झिजून पातळ झाला. "ह्या म्हशीला कुणीतरी समजावून सांगा," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्यासकट सगळे हसले. मी नाही हसलो, कारण त्या वेळी माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

एक ना एक दिवस त्या खोऱ्यातून सडक जाणार हे मला दिसत होतं. आतल्या वस्त्यांवरची जनावरं उत्तम आणि बाजार लांब. सडक झाली तर ती नदी कुठं ओलांडणार? नकाशात उतार असेल तिथं. तो उतार वरच्या टोकाला, माझ्या जनावरांच्या वाटेवर असावा असं मला वाटत होतं. त्यात लपवायचं काय? मी तुम्हाला उघड म्हणालो, "पंत, म्हैस कुठूनही जाऊ द्या. तुम्ही खूण वरच्या टोकाला काढा, आणि ठळक काढा."

"ठळकपणा विकत मिळत नाही, व्यापारी."

"सगळं मिळतं. विकणारा अडून बसतो, एवढंच."

"मग मी अडून बसलोय असं समजा."

मी तुम्हाला नको नको ते बोललो. ताटात पडेल ते खाणाऱ्याला दुसऱ्याच्या पोटाचं काय कळणार, इथपर्यंत बोललो. तट्टं सोडली आणि तुम्हाला त्या रानात तसंच टाकून निघालो. अर्ध्या वाटेवरून परत आलो, कारण तुमच्या पिठाची पिशवी माझ्या तट्टावर राहिली होती. तुम्ही खडकावरच बसला होता. खांद्यावरचं उपरणं काढलंत, माझ्या हातावर टाकलंत, आणि खाली हात घातलात.

बोलणं तोंडानं झालं, पण हात उपरण्याखालीच होते. तुम्ही म्हणालात, मी कुठंच एक खूण काढणार नाही. वरच्या टोकापासून डोहाच्या तोंडापर्यंत सगळ्या पट्ट्यावर नुसते ठिपके देईन, आणि शेजारी खरं काय ते लिहीन. त्या बदल्यात वरच्या टोकाचा हट्ट तुम्ही सोडायचा. सडक माझ्या हातातून जात होती. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही तोंडानं मागत होता, आणि मागत होता ते स्वतःसाठी नव्हतं. तुम्ही माझा अंगठा दाबलात. मी तुमचा दाबला.

तिथंच, माझ्यासमोर, तुम्ही ती ओळ शाईनं लिहिलीत. इंग्रजीत लिहिलीत आणि मला मराठीत वाचून दाखवलीत: उतार दरवर्षी बदलतो, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. मला इंग्रजी येत नाही. पण ओळ आहे की नाही हे कळायला इंग्रजी लागत नाही. ती भोईडोहाच्या बाजूला होती. बारीक, सरळ, मुंग्यांच्या रांगेसारखी.

आपण दोघांनी केलेला तो एकच सौदा, पंत. माझ्याकडून मी तो पाळला.

नकाशा वरच्या कचेरीत गेला, तिथं कुणीतरी तो स्वच्छ उतरवून काढला, आणि छापला. तेव्हा तुमची बदली झाली होती. तुळजापुरात तुमच्या ओसरीवर मी तुम्हाला किती वेळा म्हणालो, जा, एकदा छापलेला कागद डोळ्यांनी बघून या.

"तिथं माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत, नागनाथ."

"ती शिकलेली माणसं नदीवर आली होती का?"

"त्यांचं काम वेगळं. ती उतरवून काढतात."

"मी बैल विकला की तो गिऱ्हाइकाच्या दावणीला पोचेस्तोवर मागं मागं जातो. रस्त्यात बैल बदलतात, पंत."

"हा बैल नव्हे," तुम्ही म्हणालात, आणि वहिनींनी चहा आणला म्हणून तो विषय तिथंच राहिला. तो तसाच राहिला आहे. तुम्ही पाण्याच्या एका थेंबावर विश्वास ठेवला नाहीत, पाटलाच्या शब्दावर ठेवला नाहीत, माझ्यावर तर नाहीच नाही. पण ज्या टेबलाचं तोंड तुम्ही कधी पाहिलं नव्हतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलात. हे कसं, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. भांडून विचारायचं होतं.

यंदा दसरा तोंडावर आला असताना तुमचा निरोप आला. "व्यापारी, तुमची सडक आली. नदीवर या." सडकेची आखणी करायला एक इंजिनिअर जीप घेऊन येणार होता, आणि खोरं माहीत असलेला माणूस म्हणून त्यानं तुम्हाला, आणि तुमच्यासोबत मलप्पाला, बरोबर घेतलं होतं. मी त्या दिवशी बाजारात होतो. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून घोडीला नवा लगाम घातला, धुतलेलं धोतर काढून ठेवलं. तुम्हाला काय काय टोमणे मारायचे ते ठरवूनही ठेवलं होतं. ठळकपणा शेवटी मिळाला की नाही, असं विचारणार होतो.

मलप्पा आला तो अनवाणी पळत. त्याच्या हातात तुमचा चष्मा होता. मी विचारलं, पंत कुठं आहेत, तर तो चष्माच पुढं करायला लागला.

त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकलंय. आता मला ते मी पाहिल्यासारखं वाटतं.

"सायेब म्हनला, हितंच उतार हाय, नक्शात हाय, जीप घाला. पंत म्हनले, थांबा, दसरा व्हायचाय, मान्सं बोलवू. सायेब हासला. म्हनला, आवो, तुमच्याच सहीचा नक्शा हाय न्हवं? ही बगा खूण, आन् ते बगा काठावर पांढरं दगूड. पंतांनी नक्शा हातात घेतला. लई येळ बगितला. उन्हाकडं धरून बगितला. मंग म्हनले, 'इथं एक ओळ होती.' सायेबाला काय उमजंना. पंत पुन्ना तेच म्हनले. मंग चष्मा काढून माज्या हातात दिला. 'मलप्पा, मी बघून येतो.' म्या म्हनलं, दोर मागल्या सामानात हाय, येऊ द्या. ते म्हनले, 'तो येईल मागून.' अय्यो, काठी टेकत टेकत गेले ओ. निम्म्यात एका गोट्यावर हुबं ऱ्हायले, मागं वळून जीपला हात केला. येऊ नगा म्हनून. आन् तेवढ्यात पायाखालचा गोटाच गेला."

का उतरलात, पंत? दोराशिवाय? जो माणूस गुडघाभर ओढ्यातसुद्धा कमरेला दोर बांधायचा, तो भरल्या बोरीत तसाच का गेला? मी असतो तर तुमच्या कमरेला मिठी मारून बसलो असतो. शिव्या घातल्या असत्या. म्हशीच्या शेपटीला बांधलं असतं.

मला वाटतं, मला कळतं. त्या कागदावर तुम्हाला तुमची सही दिसली आणि तुमचं काम दिसलं नाही. ठिपके नव्हते, ओळ नव्हती. कुणीतरी मधोमध एकच नीटस खूण काढली होती, आणि ती नेमकी गेल्या सालच्या पांढऱ्या दगडांसमोर येत होती. तुमचं नाव घालून कुणीतरी खोटं बोलला होता. मग तुम्हाला जे एकच येत होतं ते तुम्ही केलंत. जाऊन बघितलंत. आणि खोटं आहे हे दिसताच हात वर केलात. इंजिनिअर जिवंत आहे, जीपवाला जिवंत आहे, तुमच्या त्या हातामुळं. तो इंजिनिअर काठावर बसून ढसाढसा रडत होता. मी त्याला मारायला धावलो होतो. त्याचं तोंड बघून थांबलो.

तुम्हाला डोहाच्या खालच्या अंगाला काढलं. पांढरं कापड घातलं होतं. मी शेजारी बसलो. भोवती माणसं होती, आणि आपल्याला कुणासमोर नीट बोलायची सवयच नव्हती. मी कापडाखाली हात घातला. सवयीनं घातला. तुमचा हात सापडला.

मूठ आवळलेली होती. आत वाळू होती.

वहिनींचं सांगतो. तेरावा झाल्यावर कचेरीचा एक माणूस चौकशीचा कागद देऊन गेला. त्यात लिहिलं होतं की अपघात मयत मोजणीदाराच्या मूळ नकाशातील उणिवेमुळं झाला. वहिनींनी तो कागद माझ्यापुढं ठेवला. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तिथं होता. खरं सांगा. ह्यांच्या हातून चूक झाली असेल का हो?"

इतकी वर्षं तुमची ओली धोतरं वाळत घातली त्या बाईनं हे विचारावं! मी ओरडलो. देवघरातला दिवा हलला असेल इतका ओरडलो. ओळ होती, माझ्यासमोर लिहिली होती, मला वाचून दाखवली होती, त्या ओळीसाठी मी माझी सडक सोडली होती, असं सगळं ओरडून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ओरडलात ते बरं केलंत. गेले इतके दिवस सगळे माझ्याशी हळूच बोलतायत. हळू बोललं की खोटं वाटतं."

मी त्या कचेरीत जाऊन आलो. तुम्ही शाईनं लिहिलेला मूळ कागद दाखवा म्हणालो. तो लोकांना दाखवत नाहीत. बरं, मग तो आहे का? ते सांगता येत नाही. ह्या टेबलावरून त्या टेबलाकडं, त्या टेबलावरून जेवायची सुट्टी. शेवटी एका कारकुनानं दया येऊन मला समजावलं, "अहो, छापील नकाशात इतकं लिहायला जागा नसते. आणि ठिपके बरे दिसत नाहीत. नकाशा स्वच्छ दिसावा लागतो." त्यानं हे अगदी प्रेमानं सांगितलं. स्वच्छ! कोऱ्या कागदावर जंगल लिहिलेला तो निजामी नकाशासुद्धा स्वच्छच होता.

पंत, दसरा झाला. तुमच्यामुळं यंदा उशीर केला, पण उतार मांडावाच लागतो, माणसांना पलीकडं जायचं असतं. दोन्ही काठ भरले होते. म्हैस सोडली. ती पाण्यात थोडी थांबली, वास घेतला, आणि सरळ वरच्या टोकाला गेली. माझ्या वाटेवर. मी जिथं मागत होतो तिथं. लोकांनी माझ्याकडं पाहिलं. कुणीतरी चुन्याची बादली माझ्यापुढं धरली. मी हात लावला नाही. मलप्पानं दगडांना चुना लावला, आणि मग खाली जाऊन गेल्या सालचे पांढरे दगड एकेक करून डोहात ढकलले. हे आजवर कुणी केलं नव्हतं. आता दरवर्षी करायचं ठरलंय. तुम्ही आम्हाला एवढं शिकवून गेलात. फार महाग शिकवलंत.

तुमचा मी ऋणी आहे हे तुम्ही असताना कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही "बरं" म्हणाला असता आणि मी पुन्हा चिडलो असतो. एका माणसानं माझ्याशी कधी घासाघीस केली नाही, आणि जेव्हा केली तेव्हा अनोळखी वाटसरूंच्या जिवासाठी केली. असा माणूस मला मिळाला होता. मी त्याला भोळा म्हणत राहिलो.

मी आता जे करणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, व्यापारी, त्यांचं काम वेगळं. नाही जाऊ देणार. मलप्पाला घेऊन, दोन्ही काठांची माणसं घेऊन मी त्या कचेरीच्या पायरीवर बसणार आहे. सडक मागायला नाही. भरपाई मागायला नाही. मला तो मूळ कागद उजेडात आणलेला पाहिजे, आणि एक नाव पाहिजे.

बाजारात रुमाल लागतो, कारण तिथं भाव झाकायचा असतो. इथं आता झाकायला काही उरलेलं नाही. साहेब, तुम्ही जे कुणी असाल ते, हात बाहेर काढा. दत्तोपंतांच्या बायकोसमोर, चारचौघांत, मोठ्यानं सांगा: ती ओळ कुणी पुसली, आणि पुसण्याआधी तो नदीवर आला होता का?